प्रशस्ती आधी, विलाप मागाहून

ग्वाल्हेरात कुणाच्या घरी माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावनी असते. पांढऱ्या चादरी अंथरायच्या, फोटोला हार घालायचा, आलेल्यांनी तासभर बसायचं, हात जोडायचे आणि उठायचं. त्या तासात कुणीतरी भजनं म्हणावी लागतात, नाहीतर लोक मोबाइल काढून बसतात. लष्कर भागातली बरीच घरं या तासासाठी मंजिरी पिंपळखरेला बोलावत. मराठी घरं बोलावत, तशीच हिंदी बोलणारी व्यापारी घरंही.

मंजिरी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होती. खासगी बाजार नावाच्या पेठेत औषधांच्या दुकानावरच्या घरात ती आणि तिचे वडील लक्ष्मीकांतराव राहत. वडिलांना ती नाना म्हणे. लग्न तिनं केलं नव्हतं आणि आता त्याबद्दल कुणी विचारतही नव्हतं. रीतसर ख्याल शिकली होती, आवाज भरदार होता. मैफलींच्या मागे मात्र ती कधी लागली नाही. शेजारच्या आजींच्या उठावनीला ठरलेला भजनवाला आलाच नाही, म्हणून ती एकदा जाऊन बसली. दोन भजनं झाली, तिसरं काही आठवेना, तेव्हा तिनं आजींवरच चार ओळी तिथल्या तिथं जुळवून म्हटल्या. लोकांनी मोबाइल खाली ठेवले. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. सभेच्या आदल्या संध्याकाळी ती त्या घरी जाई. चहा घेई आणि विचारी, "ते ओरडायचे कशावरून?" गुण विचारले की सगळी घरं एकसारखीच उत्तरं देतात, हे तिला ठाऊक होतं. ओरडण्यावरून मात्र माणूस कळतो. मग घरी येऊन ती त्या माणसावर एक पद रचे. कुणाशी कधी धड न बोललेला एक हलवाई गेला, तेव्हा त्याच्या पोरांना त्याच्याबद्दल सांगायला काही सुचेना. मंजिरीनं गायलं ते सगळं शहर पांघरूण ओढून झोपलेलं असताना भट्टी पेटवणाऱ्या माणसाबद्दल. त्याची पोरं एकमेकांकडे बघत राहिली. एवढं मोठं काम आपला बाप रोज करत होता, हे त्यांना नव्यानंच कळलं होतं.

तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता आणि ती तो लपवत नसे. कुणी म्हटलं, "काय बाई, रोज मेलेल्यांच्या घरी जायचं," तर ती म्हणे, "लग्नात गाणारे पुष्कळ आहेत. तिथं चुकलं तरी बँडच्या आवाजात खपतं. माझ्याकडे खपत नाही."

घरात मात्र या कामाला एक विरोधी पक्ष होता. नाना कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. ऐंशी गाठली होती, पण कान आणि जीभ शाबूत होती. आजूबाजूच्या मराठी घरांतल्या लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्यांच्याकडे तपासायला येत आणि ते लाल पेनानं त्या रंगवून परत पाठवत. कुणाचं काही आवडलं तर ते "बरं आहे" म्हणत. त्याच्यावरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता, आणि तो एकसुद्धा ते जपूनच वापरत.

"मंजू, तू करतेस ती प्रशस्ती," ते म्हणत. "राजाचे भाट करत तसली. फरक इतकाच, की भाटाचा राजा ऐकायला जिवंत असायचा."

"मग काय, लोकांना रडवू?"

"रडव कोण म्हणतंय? पण माणूस गेला की त्यावर जे गातात, त्याला विलाप म्हणतात. प्रशस्तीत गेलेला माणूस असतो. विलापात मागे राहिलेला असतो. तुझ्या गाण्यात मागे राहिलेला कुठे दिसत नाही."

"मागे राहिलेल्याला रडायला माझी गरज लागत नाही, नाना. ते त्याचं त्याला येतं. कौतुक करायला मात्र शब्द सापडत नाहीत, म्हणून मला बोलावतात."

"म्हणजे सोपं काम घेतलंस."

"सोपं? त्या हलवायाचं कौतुक तुम्ही करून दाखवा."

हा वाद जेवताना होई, कपडे वाळत घालताना होई, कधी दोन दिवस मध्ये सोडून पुन्हा तिथूनच सुरू होई. दोघांनाही त्यात हार नको होती, आणि खरं सांगायचं तर शेवटही नको होता.

एका फेब्रुवारीत किला गेटजवळच्या एका घरून फोन आला. जंगल खात्यातून निवृत्त झालेले विश्वासराव मोहिते गेले होते. मराठा घर, पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात. मुलगा दिग्विजयसिंह बांधकामाची कंत्राटं घेई. मंजिरी पोचली तेव्हा त्यानं वडिलांबद्दल सांगायचं सगळं तयारच ठेवलं होतं.

"पापा एकदम उसूलवाले होते, ताई. आठ वाजता दरवाजा बंद म्हणजे बंद. ऑफिसात कुणाची सिफारिश चालली नाही. समाजात इज्जत होती."

"ओरडायचे कशावरून?" मंजिरीनं विचारलं.

"कशावरून नाही ते विचारा," दिग्विजयसिंह म्हणाला आणि लगेच सावरला. "पण ते शिस्तीसाठी."

मंजिरीला पद अर्धं दिसायलाही लागलं होतं. कडक माणसाची प्रशस्ती तिच्या हातातली गोष्ट होती, अशी तिनं कितीतरी केली होती. ती उठली. विश्वासरावांची मुलगी इतका वेळ कोपऱ्यात बसून होती, एक शब्द बोलली नव्हती. ती तिला सोडायला जिन्यापर्यंत आली. तिचं नाव गरिमा. सिटी सेंटरला एका बँकेत नोकरीला होती.

"ताई, तुम्ही उद्या गाल ते खोटं नसेल, मला माहीत आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मावशीच्या वेळी मी ऐकलंय तुम्हाला. पण ते माझं नसेल."

"म्हणजे?"

"पापा चांगले नव्हते माझ्याशी. मी मर्जीनं लग्न केलं, तर सहा वर्षं बोलले नाहीत. त्यांची तारीफ ऐकायला बसायचं म्हणजे... भैयाला बुरा वाटेल म्हणून मी आत काही बोलले नाही."

"मग तुला काय हवंय?"

"मला पता नाही. एवढंच कळतं की सकाळी सात वाजता मला रडू येतं. आठ वाजता मी एकदम ठीक असते."

"सातला काय असतं?"

"दाढी," गरिमा म्हणाली.

मग तिनं जिन्यातच सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी विश्वासरावांचा उजवा हात लुळा पडला. न्हाव्याला ते जवळ येऊ देईनात, दिग्विजयसिंहच्या हातून दोनदा कापलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गरिमाला बोलवा. तिचा हात स्थिर आहे." सहा वर्षांनी त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं होतं. ती आली. त्या दिवसापासून बँकेत जाण्याआधी ती रोज येई, तांब्यात पाणी ऊन करी, साबण लावी. विश्वासराव हनुवटी वर करून डोळे मिटून बसत. नवऱ्याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. "इथे राहिलं," म्हणत, नाहीतर "पाणी थंड आहे." बाकी काही नाही. दोन वर्षं हे चाललं.

"आता सातला मी माझ्या घरी असते," गरिमा म्हणाली, "आणि हाताला काही कामच नसतं."

मंजिरी घरी आली, हार्मोनियम उघडली आणि शिस्तीचं पद पुरं करायला बसली. शब्द येत होते, चालीत बसत होते. तिनं एकदा म्हणून पाहिलं. चोख झालं होतं आणि ते दिग्विजयसिंहचं होतं. जिन्यात उभ्या राहिलेल्या बाईचं त्यात काही नव्हतं.

पानं वाढताना तिनं नानांना सगळं सांगितलं.

"हा विलाप आहे," नाना म्हणाले. "यात तुझं काम नाही."

"माझं काम नाही कसं? बोलावलंय मला."

"तुझं काही गेलेलं नाही, मंजू. प्रशस्ती परक्याला करता येते. विलाप उसना गाता येत नाही."

तिला ते लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाला हलकं म्हटलं होतं, पण तिला जमणार नाही असं कधी म्हटलं नव्हतं.

"गाता येतो," ती म्हणाली. "उद्या चार वाजता सभा आहे. येऊन बसा आणि मग बोला."

नाना तिच्या एकाही सभेला गेले नव्हते. तेव्हाही हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मात्र काठी घेऊन, टोपी घालून दाराशी उभे होते.

हॉल किला गेटच्या चौकाला लागूनच होता. मंजिरीबरोबर तिचे नेहमीचे तबलजी मल्हारराव होते. नाना मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. दोन भजनं झाली. दिग्विजयसिंह दोन मिनिटं वडिलांबद्दल बोलला, चांगलं बोलला. मग मंजिरीनं मल्हाररावांना ठेका अगदी हळू ठेवायला सांगितलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

तांब्यात ऊन पाणी, आरसा पुसून ठेवला,
हनुवटी उचलणारा कुठे निघून गेला?

बोललात ते टोचून, अबोला कित्येक वर्षं,
तरी बोटांत राहिला खरखरीत गालाचा स्पर्श.

एवढंच होतं. या चार ओळी तिनं पुनःपुन्हा घोळवल्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी "टोचून" या शब्दाला एकमेकींकडे पाहिलं. दिग्विजयसिंहची मान ताठ झाली. गरिमा रडली नाही. मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून ती त्यांच्याकडे बघत बसली, आणि सभा संपून लोक उठायला लागले तरी तशीच बसून होती.

चपला घालायच्या ठिकाणी दिग्विजयसिंहनं मंजिरीला गाठलं. आवाज दाबलेला होता, पण राग कळत होता.

"ताई, हे काय गायलंत? पापांचं नावसुद्धा आलं नाही. वर टोचून बोलायचे म्हणे. लोकांना काय वाटलं असेल?"

"नाव तुम्ही भाषणात घेतलंत, ते पुरेसं होतं," मंजिरी म्हणाली. "त्यांच्याबद्दल जे सांगायचं ते तुम्ही छान सांगितलंत. मी गरिमाबद्दल गायले."

गरिमा मागून आली होती. "भैया, मी सांगितलं होतं ताईंना."

"पण हे सगळ्यांसमोर?"

"बोलायचे ना टोचून? तुलाही बोलायचे."

दिग्विजयसिंह आतल्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला तर तुझ्यापेक्षा जास्त." आणि तिघंही नकळत हसले. अशा ठिकाणी हसू नये म्हणून लगेच गप्प झाले, पण त्याच्या मानेतला ताठा गेला होता. त्यानं हात जोडले आणि मंजिरीची हार्मोनियम स्वतः उचलून ई-रिक्शापर्यंत आणून दिली.

रिक्शात नाना काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. फूलबाग आली. मंजिरीनंच विचारलं.

"मग? उसना होता की नव्हता?"

"शेवटच्या ओळीत मात्रा जास्त आहेत."

"ते माहीत आहे मला. मी विचारलं ते सांगा."

"विलाप होता," नाना म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "गाताना तू डोळे मिटले होतेस. विश्वासरावांना तर तू कधी पाहिलं नव्हतंस. मग हनुवटी कुणाची दिसत होती तुला?"

"तुमची," मंजिरी म्हणाली.

रिक्शा महाराज बाड्यापाशी गर्दीत अडकली होती. नाना बाहेर बघत होते. गर्दी सुटली, रिक्शा बाजाराकडे वळली, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या वेळी असलं काही गाऊ नकोस. माझी प्रशस्ती कर."

तिला आधी ती थट्टा वाटली. "तुमची? भाट म्हणता की मला."

"म्हणतो. पण आज मागे बसलो होतो ना, तेव्हा तो मुलगा बापाबद्दल चार चांगले शब्द बोलला. मी फोटोकडे बघत होतो. म्हटलं, याला यातलं काही ऐकू आलं का कधी? मलाही ऐकावंसं वाटतंय, मंजू. आणि ते तर जमणार नाही. तोच सगळा घोटाळा आहे."

मंजिरी असल्या गोष्टीवर बोलत बसणाऱ्यांतली नव्हतीच. त्या वर्षी नानांचं सहस्रचंद्रदर्शन येत होतं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा हा सोहळा घराघरांत होतो, पण नानांनी आधीच सांगून ठेवलं होतं की चांदीची चाळण, तराजू, हारतुरे यांतलं काहीही आपल्याला नको. मंजिरीनं बंगळूरला धाकट्या भावाला, सुश्रुतला, फोन लावला.

"मे महिन्यात यायचं आहे. नानांची सभा ठेवतेय."

"मंजूताई, नाना ठीक आहेत ना?"

"ठणठणीत आहेत. म्हणूनच ठेवतेय. आता सांग, नाना ओरडायचे कशावरून?"

सुश्रुतला हसू आवरेना. "हे तू मला विचारतेस? तू तिथंच तर होतीस."

"पद्धत म्हणजे पद्धत. सांग."

त्यानं सांगितलं. ऱ्हस्व-दीर्घावरून, "छान" या शब्दाचा सैल वापर केला म्हणून, आणि एकदा शेजाऱ्यांच्या नव्या घराला त्यानं खोटंच सुंदर म्हटलं म्हणून. "घर कुरूप होतं, ताई. मी सातवीत होतो. नाना मला गॅलरीत नेऊन म्हणाले, तू त्या माणसाला फसवलंस. उद्या खरंच काही सुंदर दाखवलंन, तर तुझ्याकडे शब्द उरणार नाही."

मंजिरी नानांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे गेली. त्यांच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या शालिनीताई दाणी होत्या, त्यांच्याकडे गेली. सगळीकडे चहा घेतला, तोच एक प्रश्न विचारला. हलवायाची प्रशस्ती तिनं एका बैठकीत केली होती. वडिलांची करायला तिला महिना लागला, पण जमणार की नाही अशी शंका तिला एकदाही आली नाही.

कार्यक्रम घरातच झाला. माणसं फार नव्हती, तरी बाहेरची खोली भरली. नानांना मधल्या खुर्चीवर बसवलं. हार नव्हता, फोटो नव्हता, ती त्यांची अट पाळली होती. मंजिरीनं गायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी सवयीनं डोळे मिटून घेतले, चुका पकडायला मिटत तसे. तिनं त्यांच्या लाल पेनाचं गायलं, गॅलरीतल्या प्रसंगाचं गायलं, आणि शेवटच्या कडव्यावर आली.

चूक दिसली तिथं थांबले, राजा असो वा रंक,
'बरं आहे' म्हणाले, तर ते पैकीच्या पैकी अंक.

खोलीत हशा झाला. नानांनी डोळे उघडले.

"मराठीत गुण म्हणतात," ते म्हणाले. "अंक हिंदीत."

"ग्वाल्हेरात अंकच म्हणतात, नाना."

नानांचे ओठ हलले, दुसरं काही यमक जुळतंय का हे ते पाहत असावेत. मग त्यांनी काठी खाली टेकवली.

"राहू दे," ते म्हणाले. "बरं आहे."

सुश्रुतनं त्याचं चित्रीकरण केलं होतं. नानांनी ते पुढे कितीदा पाहिलं याचा हिशेब नाही. आलेल्यागेलेल्याला दाखवत आणि दाखवताना हटकून म्हणत, "दुसरं कडवं सैल आहे, पण एकंदरीत पाहा."

त्यानंतर दीड वर्षानं, डिसेंबरातल्या एका दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता नाना गेले. धुकं त्या दिवशी उठलंच नव्हतं. मंजिरी स्वयंपाकघरात होती. बाहेर येऊन तिनं पाहिलं आणि तिला कळलं. इतक्या घरांमध्ये वावरून ती या गोष्टीला सरावली होती, असं लोक समजत. तसं काही नव्हतं. ती खाली बसली, त्यांचा गार पडत चाललेला हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली आणि मग उठून सुश्रुतला फोन केला.

तिसऱ्या दिवशी सभा ठरली. कोण गाणार हा प्रश्न कुणाला पडला नाही. सुश्रुतनं पडदा लावून ठेवला, बंगळूरहून येतानाच त्यानं ते चित्रीकरण नीट करून आणलं होतं.

"ताई, ते पद आहेच. तेच म्हण. त्यांना किती आवडलं होतं."

"ते नाही म्हणायचं मला."

"का? त्यांनीच सांगितलं होतं ना, माझी प्रशस्ती कर म्हणून? तूच मला सांगितलंस."

"सांगितलं होतं. आणि मी केली," मंजिरी म्हणाली. "समोर बसवून केली. त्यांना ती मिळाली, सुश्रुत. आता तीच पुन्हा गाऊन मी कुणाला ऐकवू?"

"आलेल्या लोकांना. नाना काय होते ते कळायला नको?"

"तू बोल ना. तू चांगलं बोलशील. चित्रीकरणही दाखव. पण गाणं माझं आहे. त्यांचं देणं मी दिलंय, आता माझं काय गेलं ते मी गाणार."

सुश्रुतला ते पटलं नाही, पण बहिणीचा स्वर ऐकून त्यानं वाद वाढवला नाही. तो बोलला. गॅलरीतली गोष्ट सांगताना त्याला मध्ये थांबावं लागलं. मग मंजिरी बसली. मल्हाररावांनी तिच्याकडे पाहिलं, नेहमीचा ठेका धरू का अशा नजरेनं. तिनं मान हलवली. तबला नकोच होता.

वाद अर्ध्यावर टाकून उठलात, ही कुठली रीत?
समोर कुणी नसता नाना, कसली हार, कसली जीत?

तिचा आवाज दुसऱ्या ओळीवर फाटला. आयुष्यात पहिल्यांदा सभेत फाटला. तिनं तो सावरला नाही, तसाच पुढे नेला. ओळ तीनदा म्हटली. तिन्ही वेळा "नाना" या शब्दापाशी थांबली, जणू पलीकडून काही उत्तर यायचं आहे. उत्तर आलं नाही तशी तिनं पेटी बंद केली. गरिमा आली होती, दाराशी उभी होती. तिनं पुढे होऊन मंजिरीच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि परत जाऊन उभी राहिली.

लोक गेले. सुश्रुत खालपर्यंत पोचवायला उतरला. शालिनीताई मात्र सतरंजीवर गुडघा चोळत बसून राहिल्या. पंचाहत्तरीच्या बाई, नानांशी त्यांचं कॉलेजपासून कधी एकमत झालेलं नव्हतं.

"मंजिरी, एक विचारू? हे तू गायलीस ते काय समजायचं?"

"विलाप," मंजिरी म्हणाली. "त्यांची प्रशस्ती झाली होती आधीच."

"मला नाही तसं वाटत. तुझ्या दोन ओळींत त्यांचा एकही गुण नाही, कबूल. पण ज्याच्यामागं हरण्याजिंकण्यातही गंमत उरली नाही, त्या माणसाबद्दल याहून मोठं काय बोलणार? ही प्रशस्तीच झाली."

"नाही, शालिनीताई. ऐकणाऱ्याला त्यात ते दिसले असतील, पण मी ते सांगायला गायले नाही. मी एकटी पडले, तेवढंच गायले."

"गाणाऱ्यानं कशासाठी गायलं यावर ठरतं का ते?"

"मग कशावर ठरतं?"

"गाणं काय करतं त्यावर. मी इथं बसून लक्ष्मीकांतरावांना पाहिलं. अगदी समोर पाहिलं. तुला नाही पाहिलं."

तीन दिवसांत मंजिरीच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. तिला एकदम भूक लागल्याचं जाणवलं. "मला हे पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण उत्तर द्यायला आधी काहीतरी खाल्लं पाहिजे. तुम्ही बसा, मी पोहे करते."

"मिरची कमी घाल," शालिनीताई म्हणाल्या. "आणि मला घाई नाही."

सुश्रुत वर आला तेव्हा स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज येत होते. आधी एकीचा, मग दुसरीचा, मग दोघींचा एकदम. तो दाराशी येऊन थांबला. मंजिरी कढईत फोडणी घालत होती आणि पाठमोरीच म्हणत होती, "असं असेल तर मग गरिमाचं गाणंसुद्धा प्रशस्ती म्हणावी लागेल, आणि ते तर तुम्हीही म्हणणार नाही."

"म्हणीन की," शालिनीताई म्हणाल्या. "कोण ही गरिमा? सांग बघू सगळं."

मंजिरीनं गॅस बारीक केला आणि सांगायला सुरुवात केली.